गोळी बंद करू नका, काढा लपवू नका

दोन वर्षांपूर्वीच्या खरिपातली गोष्ट आहे. सोनपेठ तालुक्यातल्या एका गावात कपाशीच्या शेतात कामगंध सापळे लावून दाखवण्याचा कार्यक्रम होता. सापळा किती उंचीवर बांधायचा, ल्यूर कधी बदलायची, किती पतंग सापडले म्हणजे फवारणीचा विचार करायचा, हे सगळे सांगून झाले. चहा झाला. मंडळी पांगली. एक शेतकरी मात्र बांधावर रेंगाळत राहिला. सगळे गेल्याची खात्री करून त्याने हळूच विचारले, "साहेब, गुळवेल आपल्या शिवारात कुठं घावंल?"

ओढ्याकाठच्या कडुनिंबावर चढलेली आहे, असे मी सांगितले. कडुनिंबावरची गुळवेल औषधाला उत्तम मानतात, हेही सांगितले. कशाला पाहिजे, म्हणून विचारले. "काढ्याला लागती," एवढेच तो म्हणाला. "चांगली असते," म्हणून मी गाडीला किक मारली आणि पुढच्या गावाला गेलो.

ते "चांगली असते" आजही मला टोचते. कारण तो माणूस एचआयव्हीबाधित होता. परभणीहून मिळणाऱ्या गोळ्या त्याने दोन महिन्यांपूर्वी बंद केल्या होत्या आणि त्यांच्या जागी काढा सुरू केला होता. मला ते ठाऊक नव्हते हे खरे. पण आणखी दोन प्रश्न विचारले असते तर कदाचित कळले असते. पुढे जे घडले ते नवराबायको दोघांच्या संमतीने, गाव आणि नाव न देता, इथे लिहीत आहे. आपल्या भागात अशी घरे आणखी असणार, म्हणून लिहीत आहे.

एकाच घरातले दोघे

घरची तीन एकर कोरडवाहू जमीन. कपाशी, तूर, थोडे सोयाबीन. दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घ्यायची आणि कोयता घेऊन नवराबायकोने ऊसतोडीला जायचे. दोघांनाही लागण झालेली. मुलगी तपासणीत निगेटिव्ह आलेली. सहा वर्षांपासून दोघांच्या गोळ्या चालू होत्या. रोज रात्री एक गोळी, ठरल्या तारखेला परभणीची फेरी, अधूनमधून रक्ताची तपासणी. दोघेही कष्टाची कामे करीत होते. गावात कुणाला पत्ता नव्हता.

मग एका आठवडी बाजारात जडीबुटीवाल्याशी गाठ पडली. त्याने कागद मागितले नाहीत, नाव विचारले नाही, रांगेत उभे केले नाही. नाडी धरली आणि "रक्तात किडा हाये, तीन महिन्यांत मुळासकट काढतो," म्हणाला. काढ्याची भरड, एक काळपट पूड आणि मधातून चाटायचे भस्म, असे तीन पुडे दिले. पहिल्या खेपेला साडेतीन हजार घेतले. पथ्य सांगितले: दारू बंद, तेलकट बंद, मुगाचे वरण आणि भाकरी. शेवटी मुख्य अट घातली. "इंग्रजी गोळ्या गरम असत्यात. त्या चालू ठिवल्या तर माझ्या औषधाला गुण येणार न्हाई."

यांनी त्याच रात्रीपासून गोळी बंद केली. बाई मात्र कबूल झाल्या नाहीत. "आधी तुम्हाला गुण येऊ द्या, मग मी बघते," असे म्हणून त्यांनी आपली गोळी चालू ठेवली.

पहिले दोन-अडीच महिने नवऱ्याला झकास वाटले. भूक वाढली, चेहरा भरला, झोप लागायला लागली. तो म्हणतो, "मला वाटलं, सुटलो. रोज रात्री ती डबी उघडायची, रोज ते दुखणं आठवायचं. त्येच्यातून सुटलो." मी बांधावर भेटलो ते याच दिवसांत.

दिवाळीनंतर दोघे ऊसतोडीला कर्नाटकात गेले. संक्रांतीच्या सुमारास संध्याकाळचा ताप सुरू झाला. थंडी बाधली असेल, म्हणून तिकडच्याच दुकानातून गोळ्या घेतल्या. मग खोकला, मग वजन उतरणे. कोयता उचलेना तेव्हा टोळी सोडून परत यावे लागले. तपासणीत क्षयरोग निघाला. शरीराची राखण करणाऱ्या सीडी-४ पेशी शंभराच्या खाली आल्या होत्या. कितीतरी आठवडे दवाखान्यात गेले. त्याच सुमारास बाईंचीही तपासणी झाली. त्यांच्या रक्तात विषाणू सापडण्याइतकाही नव्हता.

एकच घर, एकच चूल, एकच कष्ट. फरक फक्त गोळीचा.

गडी वाचला. क्षयाचा औषधोपचार पूर्ण केला, एचआयव्हीच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पण तो हंगाम बुडाला, उचल अंगावर राहिली आणि ती फेडायला पुढच्या वर्षी बाईंना भावाबरोबर तोडीला जावे लागले. काढ्याची खरी किंमत साडेतीन हजार नव्हती, ती ही होती.

सुरुवातीला गुण का आला?

हा प्रश्न मला त्याने स्वतःच विचारला. "साहेब, औषध खोटं व्हतं तर मला बरं कसं वाटलं?" प्रश्न बरोबर आहे. याचे उत्तर शेतकऱ्याला चटकन समजेल.

सोयाबीनवर एखादे टॉनिक मारले आणि आठ दिवसांत पाऊस झाला. पीक हिरवेगार झाले. श्रेय कुणाला? शेजारी बिनफवारणीचा पट्टा राखून ठेवला नसेल तर श्रेय टॉनिकलाच जाते. दुकानदार पुढच्या वर्षी दोन बाटल्या देतो. म्हणून आम्ही नेहमी सांगतो, कुठलेही नवे औषध वापरायचे तर चार तासे तशीच सोडा, मग तुलना करा.

एचआयव्हीच्या बाबतीत हा घोटाळा जास्त होतो, कारण हा आजार फार सावकाश चालतो. उपचार न घेतलेल्या माणसालाही लागण झाल्यापासून एड्सच्या अवस्थेला जायला साधारण आठ-दहा वर्षे लागतात. मधल्या काळात तो बराच असतो. या काळात त्याने अंगारा लावला काय किंवा काढा घेतला काय, काही महिने तो धडधाकट दिसणारच. श्रेय अंगाऱ्याला मिळते. आमच्या या शेतकऱ्याची तर सहा वर्षे गोळ्या घेऊन तब्येत सुधारलेली होती. गोळी थांबल्यावर विषाणू काही आठवड्यांतच रक्तात पुन्हा वाढायला लागतो, पण शरीरात साठलेली ताकद संपायला वेळ लागतो. विहिरीची मोटार बंद केली तरी हौदातले पाणी काही दिवस पुरते, तसे हे आहे.

दुसरे म्हणजे पथ्य. दारू सुटली, वेळेवर जेवण सुरू झाले, मनाला आशा वाटली. एवढ्याने कुणालाही बरे वाटेल. तिसरी गोष्ट काळजीची आहे. देशी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांमध्ये तपासणीत स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणे आहेत. स्टेरॉइडने भूक वाढते, चेहरा भरतो, दुखणे दबते आणि आतून प्रतिकारशक्ती आणखी खचते. या शेतकऱ्याच्या पुड्यात काय होते हे तपासले गेले नाही, त्यामुळे तसे होते असे मी म्हणणार नाही. पण ज्या पुड्यावर नाव नाही, घटक नाहीत, परवाना क्रमांक नाही, ती पोटात घालू नये. बिनलेबलचे कीटकनाशक आपण पिकावर मारत नाही, मग बिनलेबलची पूड पोटात कशी घालायची?

एके काळी दुसरे काही नव्हते

काढ्याकडे जाणाऱ्या माणसाला अडाणी ठरवणे सोपे आहे. पण मागचे दिवस आठवले पाहिजेत. आपल्या देशात एचआयव्हीची पहिली लागण १९८६ साली चेन्नईत उघडकीस आली. १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, स्थापन झाली. त्याच सुमारास पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. पण गरिबाला देण्यासारखे औषध त्या वेळी नव्हते. १९९६ पासून तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत परदेशात सुरू झाली, तिचा वर्षाचा खर्च लाखांच्या घरात. २००१ साली सिपला या भारतीय कंपनीने हीच औषधे दिवसाला एक डॉलरपेक्षाही कमी किमतीत देऊ केली तेव्हा जगभर खळबळ झाली. सरकारी केंद्रांतून मोफत गोळ्या द्यायला सुरुवात झाली ती १ एप्रिल २००४ रोजी. सुरुवातीच्या मोजक्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते.

म्हणजे जवळपास अठरा वर्षे सामान्य बाधित माणसापुढे एकच वाट होती: कुणी काढा दिला तर घ्या, कुणी ताईत दिला तर बांधा. "एड्स हमखास बरा" अशा जाहिराती त्याच काळात फोफावल्या. घरातला करता माणूस त्या दिवसांत गेलेला आहे, त्याच्यासाठी शेत विकून औषध आणले आहे, अशी घरे गोदाकाठच्या गावांतही सापडतील. डॉक्टरने हात वर केले तेव्हा जडीबुटीवाल्यानेच धीर दिला होता, ही आठवण सहजासहजी पुसत नाही.

पण आज परिस्थिती ती नाही. २०१७ पासून आपल्याकडे धोरणच बदलले. पेशी कमी होण्याची वाट न पाहता, लागण आढळली की लगेच मोफत औषध सुरू करतात. बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते. नेमाने घेणाऱ्याच्या रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही; आणि तो तसाच दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे मोठमोठ्या अभ्यासांत सिद्ध झाले आहे. उपचार न घेतल्यास आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका शंभरात पंधरा ते पंचेचाळीस असतो. वेळेवर उपचार घेतल्यास तो पाचाच्या खाली येतो. हे कुठल्याही काढ्याने आजवर करून दाखवलेले नाही.

नॅकोच्या २०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख एचआयव्हीबाधित होते. त्यांत महाराष्ट्रातले सुमारे ३ लाख ९४ हजार, म्हणजे सर्व राज्यांत जास्त. तेव्हा हा प्रश्न दूरच्या शहरांचा आहे असे समजू नये.

राज्यकर्ते चुकतात तेव्हा

ही चूक एकट्यादुकट्या गरिबाचीच होते असेही नाही. दक्षिण आफ्रिकेत २००० नंतरच्या काही वर्षांत खुद्द आरोग्यमंत्री मांटो चबालाला-म्सिमांग यांनी लसूण, बीट, लिंबू यांचा पुरस्कार केला आणि विषाणूविरोधी औषधांबद्दल शंका पेरली. तिथल्या सरकारने औषधे द्यायला उशीर केला. अमेरिकेतल्या हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ साली हिशेब मांडला. २००० ते २००५ या काळात त्या उशिरापायी ३ लाख ३० हजारांहून अधिक माणसे दगावली, असा त्यांचा अंदाज होता. गांबिया या छोट्या देशाचे राष्ट्राध्यक्ष याह्या जामेह यांनी तर २००७ साली आपण स्वतः जडीबुटीने एड्स बरा करतो असे जाहीर केले आणि रुग्णांच्या गोळ्या बंद करायला लावल्या. त्यातून वाचलेल्या तिघांनी २०१८ साली त्यांच्यावर दावा दाखल केला.

लसणात, बिटात वाईट काही नव्हते. वाईट होते ते "याच्याऐवजी ते" हे सांगणे.

होमिओपॅथीचीही परीक्षा झालेली आहे. केंद्रीय होमिओपॅथी संशोधन परिषदेच्या संशोधकांनी शंभर बाधितांवर केलेल्या सहा महिन्यांच्या चाचणीचा अहवाल १९९९ साली प्रसिद्ध झाला. लक्षणे नसलेल्या गटात खरे औषध आणि नुसती साखरगोळी यांत फरक दिसला नाही. गाठी सुजलेल्या गटात पेशी वाढल्याचे नोंदवले गेले. पण दहा वर्षे चालणाऱ्या आजारात सहा महिन्यांच्या नोंदीवर गोळी बंद करता येत नाही. एका पावसावर वाणाची शिफारस होत नसते, तसेच हे आहे.

बोंडअळीचा धडा

गोळी अधूनमधून घेतली, महिनाभर सोडली, पुन्हा धरली, असे केले तर काय होते? हे समजायला परभणी जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला लांब जायला नको. बीटी कपाशी आली तेव्हा बोंडअळीची भीती संपली असे वाटले होते. आपण आश्रयाच्या ओळी लावल्या नाहीत, फरदड घेत राहिलो. अळीला वर्षभर खाद्य मिळाले आणि त्या विषाला पचवणाऱ्या अळ्या मागे उरल्या, वाढल्या. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने काय केले ते सगळ्यांनी पाहिले आहे.

विषाणूचेही असेच आहे. रक्तात औषधाचे प्रमाण पुरेसे असले की तो वाढत नाही. प्रमाण अर्धवट झाले की त्यातल्या त्यात दणकट विषाणू तग धरतात आणि मग तेच औषध त्यांच्यावर चालेनासे होते. सध्याच्या गोळ्या या बाबतीत जुन्या औषधांपेक्षा भक्कम आहेत. तरी त्यांच्यावर विसंबून खाडे करणे धोक्याचेच. ही गोळी विषाणूला दाबून ठेवते, मुळासकट काढत नाही. म्हणून ती जन्मभर घ्यायची असते. "मुळासकट काढतो" असे म्हणणारा भेटला तर समजावे की हा फसवतो आहे.

कायदाही हेच सांगतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या 'जे' अनुसूचीत, ज्या रोगांवर हमखास उपायाचा दावा करता येत नाही त्यांची यादी आहे, आणि तीत एड्सचे नाव आहे. मंत्र, ताईत, चमत्कारी औषधे यांच्या जाहिरातींना तर १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे.

मग झाडपाला सगळाच वाईट का?

नाही. मी शेतीचा माणूस आहे, झाडपाल्याला नावे ठेवणार नाही. आवळा, शेवग्याची पाने, हिरव्या भाज्या, डाळी, तीळ, शेंगदाणे हे बाधित माणसाच्या आहारात असावेच. योगासने, प्राणायाम, भजनाला जाणे, तेल लावून अंग चोळून घेणे, यांनी मन शांत होते, झोप लागते. पदवीधर वैद्याचा सल्लाही घ्यावा. फक्त आपल्याला कोणत्या गोळ्या चालू आहेत हे त्यांना दाखवून.

पण काही ठिकाणी सावध राहिले पाहिजे. सध्याच्या गोळीत डोल्यूटेग्राविर नावाचे औषध असते. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त यांच्याशी ते पोटात बांधले जाते आणि रक्तात कमी उतरते. पित्तावरचे पांढरे पातळ औषध, रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या, कॅल्शियमच्या गोळ्या या सगळ्यांना हे लागू आहे. लोहभस्म, मंडूरभस्म, शंखभस्म यांतही हेच धातू आणि क्षार असतात. म्हणून त्यांच्याबाबतही विचारल्याशिवाय घेऊ नये. पित्ताचे असे औषध घ्यायचेच असेल तर गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी लागते. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या जेवणाबरोबर घेतल्या तर सोबत चालतात. शेवग्याच्या भाजीला ही भीती नाही, ती अन्न आहे.

त्याच गोळीतले टेनोफोविर हे औषध काही जणांच्या मूत्रपिंडावर ताण आणते, म्हणून लघवीची, रक्ताची तपासणी करतात. त्यात नीट न शोधलेले, पारा, शिसे, सोमल असलेले भस्म पडले तर मूत्रपिंडाचे काय होईल? अमेरिकेत बोस्टन भागातल्या दुकानांतून घेतलेल्या सत्तर आयुर्वेदिक औषधांची तपासणी २००४ साली प्रसिद्ध झाली, त्यांतल्या चौदांत यांपैकी एखादा जड धातू घातक प्रमाणात सापडला होता.

आणि गुळवेल. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीचे सेवन केलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी असे म्हटले. वाद बाजूला ठेवू. त्यातून आपल्यापुरता बोध असा की ओढ्याकाठून आणलेली वेल नेमकी कोणती, किती घ्यायची आणि आपल्या यकृताला ती मानवते का, हे मोटारसायकलवरून सांगण्यासारखे नाही. ही चूक माझ्याकडून झाली.

लसणाचेही एक उदाहरण सांगतो. लसणाच्या तीव्र अर्काच्या गोळ्यांनी सॅक्विनाविर या जुन्या एचआयव्ही औषधाचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर आणल्याचे आढळले होते. फोडणीतला लसूण वेगळा, अर्काची कॅप्सूल वेगळी. दुसऱ्या बाजूने पाहा: क्षयावरच्या रिफाम्पिसिनमुळे डोल्यूटेग्राविर कमी पडते, म्हणून डॉक्टर त्या काळात त्याची दिवसाला एक जादा गोळी देतात. आमच्या शेतकऱ्यालाही ती घ्यावी लागली. डॉक्टरांना क्षयाचे औषध माहीत असते म्हणून ते हिशेब करतात. काढा माहीत नसेल तर हिशेब कसा करणार?

लपवण्याचे कारण

"डॉक्टरला का सांगितले नाही?" असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "रागावत्याल म्हनून. आन् गोळ्या बंद करत्याल म्हनून." बाई म्हणाल्या, "तिथं कुनी कधी इचारलंच न्हाई, घरी आनखी काय घेता म्हनून."

या दोन वाक्यांत सगळे आले. रुग्ण भीतीने बोलत नाही आणि विचारणारा घाईत असतो. जडीबुटीवाला मात्र मांडीला मांडी लावून अर्धा तास बोलतो. माणूस औषधाला जेवढा भुलतो त्याहून जास्त या अर्ध्या तासाला भुलतो. दवाखान्यातल्या मंडळींनी वर्षातून दोनदा तरी न रागावता एवढेच विचारावे, "काढा, भस्म, अंगारा, काय घेता ते सांगा, गोळ्या बंद होणार नाहीत." त्याने पुष्कळ काम होईल.

दुसरे कारण गुप्ततेचे. परभणीला जायचे म्हणजे दिवस मोडतो, रोज बुडतो आणि रांगेत गावचा कुणी दिसेल ही धास्ती. पण आज कायदा रुग्णाच्या बाजूने आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय तपासणी करणे, संमतीशिवाय कुणाला सांगणे, कामावरून किंवा शाळेतून काढणे, उपचार नाकारणे, यांना त्याने मनाई केली आहे. गोळ्या मोफत असतात. ज्यांची प्रकृती स्थिर आहे त्यांना एकदम काही महिन्यांच्या गोळ्या देण्याचीही सोय असते. ती मागून घ्यावी.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी तर हे पक्के लक्षात ठेवावे. निघण्याच्या आधी एआरटी केंद्रात सांगावे, की अमुक जिल्ह्यात, इतके महिने जाणार आहे. पुरेशा गोळ्या मिळू शकतात, नाहीतर तिकडच्या केंद्रातून घेण्याची व्यवस्था होऊ शकते. उपचाराचे पुस्तक सोबत ठेवावे. कोपीवर ताप, खोकला सुरू झाला तर अंगावर न काढता सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी.

काय करावे

घरात कुणाच्या गोळ्या चालू असतील तर कुठल्याही कारणाने, कुणाच्याही सांगण्यावरून त्या बंद करू नयेत. मळमळ झाली, झोप उडाली, वजन वाढले तर ते डॉक्टरांना सांगावे, गोळी बदलता येते. काढा, भस्म, होमिओपॅथीची पुडी घेत असाल तर पुढच्या फेरीला ती पिशवीत घालून न्यावी आणि दाखवावी. गोळी बंद करण्याची अट घालणाऱ्याकडून काहीच घेऊ नये. शंका असेल त्याने जवळच्या ग्रामीण रुग्णालयात तपासणी करून घ्यावी, ती मोफत आणि गुप्त असते. १०९७ या क्रमांकावर फोन केला तर पैसे पडत नाहीत, नावही सांगावे लागत नाही.

गोळी बंद आहे असे कुणी सांगितले तर त्याला दोष देत बसू नये. आज पुन्हा सुरू करता येते. केंद्रात परत गेलेल्या माणसाला परत पाठवत नाहीत. लातूर जिल्ह्यात हासेगावचे सेवालय, बीडजवळ पालीचे इन्फंट इंडिया, पंढरपूरची पालवी या संस्थांत एचआयव्हीबाधित मुले नेमाने औषधे घेत वाढली. जी मुले जगणार नाहीत म्हणून लोकांनी दूर लोटली, त्यांतली कितीतरी आज तरुण झाली आहेत.

गेल्या महिन्यात त्या शेतकऱ्याच्या शेतावर पुन्हा गेलो होतो. या वर्षी त्याने कपाशी कमी करून तूर वाढवली आहे. बांधावर कडुनिंबाचे रोप लावले आहे. मी विचारले, गुळवेल चढवायची आहे की काय? तो हसला. म्हणाला, "न्हाई साहेब, सावलीला. गुळवेलीचं मी मागल्या फेरीला डॉक्टरला इचारलं. ते म्हनाले, यकृताची तपासनी झाली की सांगतो, तवर नगं. म्या म्हनलं बरं."

"आणि रागावले का?"

"न्हाई. म्हनाले, बरं झालं इचारलंस."